रिकाम्या चढाईचं रान

चैत्रामने मेलेल्या रोपाचा बिल्ला सोडवला, दातांत धरला आणि झिऱ्याकाठी उभ्या असलेल्या करंजाला नेऊन बांधला. दोन हजार एकशे चाळीस. मग गुडघ्यावर बसून, मागची उघडी बरड दिसणार नाही अशा बेताने त्याने मोबाइलवर फोटो काढला. पडद्यावर हिरवी खूण उमटली. म्हणजे दोन हजार एकशे चाळीस नंबरचं झाड या महिन्यातही जिवंत होतं.

तो एकच करंज सकाळपासून अकरा नंबरांनी जगला होता. बिल्ला सोडायचा, दुसरा बांधायचा, डावीकडून फोटो, उजवीकडून फोटो, कधी आडवं पडून वरच्या अंगाने. बारा हजार रोपांपैकी सात हिरवी होती आणि ती सातही इथेच, झिऱ्याच्या ओलीला. त्यांना रोज संध्याकाळी हंडाभर पाणी घालायचं काम त्याची बायको सुगंधाबाई करत होती. कोणी सांगितलं नव्हतं. कोणतं रोप कोणत्या बाजूने भरलेलं दिसतं, हे चैत्रामला आता डोळे मिटूनही सांगता आलं असतं. बाकी सगळ्या उतारावर गुडघाभर वाळकं गवत होतं आणि त्यात उभ्या काड्या. काडीला बिल्ला मात्र घट्ट.

हे रान कबड्डीने लावलं होतं. चैत्रामचा मुलगा धर्मेंद्र मोठ्या लीगमध्ये चढाईपटू होता. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यातला, आश्रमशाळेच्या मैदानावर तयार झालेला पोरगा टीव्हीवर दिसू लागला, तेव्हा पाड्याने पाच दिवस ढोल वाजवला होता. पुढे त्याच्या संघाने पर्यावरणाचं मनावर घेतलं. जुन्या बाटल्यांपासून बनवलेली हिरवी जर्सी आली. आणि एक घोषणा झाली : आमचा खेळाडू चढाई करून एकही गुण न घेता परतला, तर त्या प्रत्येक रिकाम्या चढाईमागे वीस झाडं. झाडं लावायला जागा शोधली ती धर्मेंद्रच्याच पाड्यामागची वनखात्याची बरड.

खड्डे खणायचं काम पाड्यालाच मिळणार होतं. त्यामुळे आश्रमशाळेतल्या टीव्हीसमोर भलताच प्रकार सुरू झाला. आपल्या संघाने गुण घेतला की लोक गप्प, आणि कोणी हात हलवत परत आला की टाळ्या, शिट्ट्या. रिकाम्या चढाईला इतकी दाद देणारं दुसरं गाव साऱ्या हिंदुस्थानात निघालं नसतं. एकदा धर्मेंद्रच रिकामा परतला आणि लोकांनी छत डोक्यावर घेतलं, तेव्हा सुगंधाबाई उठून उभी राहिली होती.

"पोऱ्या रिकामा हाते परत येस, आनि तुम्ही टाया वाजाडतस?"

ती निघून गेली आणि पुन्हा सामना बघायला आली नाही.

लागवड झाली पौषात. म्हाताऱ्या सुपडूनानाने काठी आपटत सांगितलं होतं की थंडीत लावलेलं रोप उन्हाळा बघत नाही, मिरगाची वाट बघा. पण लीगचा समारोप जानेवारीत होता आणि समारोपाला आकडा हवा होता. पावसासाठी थांबायला लीग म्हणजे काही शेतकरी नव्हे. टँकर दोनदा आला, तिसऱ्यांदा आला नाही. होळीपर्यंत उतार तपकिरी झाला.

चैत्राम राखणदार होता आणि सुरुवातीला त्याने राखणदाराचं काम नीट केलं. धुळ्याला फोन लावून सांगितलं, "साहेब, झाडं मरी ऱ्हायनात." पलीकडे लागवडीचं काम बघणाऱ्या संस्थेचा अभिमन होता. तो म्हणाला, "आबा, जी हिरवी आहेत त्यांचे फोटो पाठवा." पुढच्या महिन्यात मोबाइल तेच नंबर घेईना. तेव्हा बिल्ले बदलायची युक्ती चैत्रामला स्वतःलाच सुचली. ती कोणी शिकवली नव्हती, हे त्याला मधूनमधून आठवायचं आणि आठवलं की हातातला भाकरीचा तुकडा हातातच राहायचा.

पण त्याच हिवाळ्यात धर्मेंद्रचा गुडघा गेला होता. अख्ख्या हंगामात तो तीन सामने खेळला. चैत्राम धुळ्याला गेला तेव्हा देवपूरच्या रस्त्यावर त्याने आपल्या मुलाचा घराएवढा फोटो पाहिला, ओंजळीत रोप धरलेला. शेजारी उभा असलेला अभिमन म्हणाला होता, "तुम्हाला म्हणून सांगतो, आबा. संघाने त्याला सोडलं नाही ते गुडघ्याकडे बघून नाही. या झाडांकडे बघून."

तेव्हापासून चैत्राम बिल्ले बदलत होता.

आज मोबाइल खिशात ठेवतो न ठेवतो तोच वाजला. "आबा, मी सोनगीर सोडलं. येतोच आहे. तिथेच थांबा."

अभिमन आला तेव्हा ऊन डोक्यावर होतं. मोटारसायकल पायथ्याशी टाकून तो चढून वर आला, धापा टाकत उताराकडे बघत राहिला. चौदा महिन्यांत तो इथे तिसऱ्यांदा येत होता.

"रविवारी मुंबईहून संघाच्या बाई येताहेत. तपासणी आहे. धर्मेंद्रही येतोय, त्याची फिल्म काढणार आहेत." त्याने रुमालाने मान पुसली. "ड्रोन आणताहेत, आबा. वरून सगळं दिसेल."

चैत्रामने वर आभाळाकडे पाहिलं, जणू ते आत्ताच आलं असावं.

"मंग सांगी टाका ना, साहेब. मरनात म्हणा. बठ्ठा लोकसले माहीत शे, झाडं मरतस."

"चौदा महिने आपण जिवंत दाखवलीत. आता मेली म्हटलं तर कधी मेली विचारतील. मग फोटो काढतील बाहेर." अभिमनने त्याच्याकडे न बघता पुढचं म्हटलं. "माझी नोकरी जाईल, ते सोडा. पण पेपरात नाव माझं येणार नाही, धर्मेंद्रचं येईल. त्याच्या गावातलं खोटं जंगल म्हणून."

तेवढ्यात वरून सुगंधाबाई उतरत आली. डोक्यावर मोठी टोपली, तीत दाबून भरलेला वाळका पाला, हातात खराटा. अभिमनला बघून ती थांबली आणि पहिलं काय विचारलं तर गुडघ्याचं.

"त्याना गुडघा बरा व्हयना का, भाऊ?"

"बरा होतोय, माय. रविवारी येतोय तो." अभिमनने टोपलीकडे बोट केलं. "हे काय?"

"मोहाखालना पाला. फूल पडाना दिन उनात ना."

उताराच्या मधोमध एक जुना मोह उभा होता. या भागात प्रत्येक मोह कुठल्या ना कुठल्या घराचा असतो. कागदावर नाही, पण कोणी कोणाच्या मोहाखालचं फूल वेचत नाही. हा सुगंधाबाईचा, तिच्या सासूकडून आलेला. फाल्गुनात सगळ्या बाया आपापल्या मोहाखालचा पाला पेटवून जमीन साफ करतात, म्हणजे पहाटे पडलेलं फूल पाल्यात हरवत नाही. सुगंधाबाईच्या सासूने तसंच केलं होतं आणि तिच्या सासूनेही.

"पेटवत नाही तुम्ही?" अभिमनने विचारलं.

"आते पेटाडत नही मी. पोऱ्यानी झाडं शेतस ना आठे. वारा उना म्हंजे?" असं म्हणून ती टोपली सावरत खाली गेली. झाडं मेली आहेत हे तिला दिसत नव्हतं असं नाही. पण मुलाच्या नावाने लावलेल्या रानात काडी ओढायची नाही, हे तिने गेल्या वर्षी ठरवलं होतं आणि ठरवलेलं ती मोडत नसे. दोन्ही वर्षं पाल्याच्या टोपल्या डोक्यावरून वाहून तिने पायथ्याशी ढीग घातला होता.

ती दिसेनाशी होईपर्यंत अभिमन थांबला.

"बाकीच्या बाया पेटवतात ना अजून?" अभिमन हळूच म्हणाला.

"पेटाडतस."

"वारा कधी सुटतो इकडे?"

"दुपारना."

अभिमनने हेल्मेटच्या काचेवरची धूळ अंगठ्याने पुसली. मग पुन्हा पुसली. "वणव्याने गेलेल्या झाडांसाठी अर्जात वेगळा रकाना आहे, आबा. त्यात कोणी कोणाला काही विचारत नाही. उलट पुन्हा लावून देतात." तो निघाला. दोन पावलं गेला आणि मागे वळला. "मी काही बोललो नाही."

"नही, साहेब," चैत्राम म्हणाला.

शुक्रवारी बाजार होता. सुगंधाबाई शेजारच्या रोशनीबरोबर बाजाराला गेली. घरात कोणी नव्हतं तरी चैत्रामने दार लोटून घेतलं आणि चुलीच्या कोनाड्यातली काडेपेटी उचलून सदऱ्याच्या खिशात घातली.

वर जाऊन बघतो तर मोहाखाली पेटायला काहीच नव्हतं. सुगंधाबाईने जमीन अशी झाडली होती की मुंगी चाललेली दिसावी. चैत्राम थोडा वेळ तिथे बसला. इथेच परत फिरला असता तर बरं झालं असतं, पण त्याच्या डोळ्यांपुढे देवपूरचा तो फोटो होता. तो खाली आला, पायथ्याच्या ढिगातला पाला तिच्याच टोपलीत भरला आणि डोक्यावर घेऊन चढ चढला. एक खेप, दुसरी, तिसरी. पाच-सहा खेपांत त्याने तिने उतरवलेला पाला पुन्हा मोहाखाली नेऊन पसरला. मग झिऱ्यावर जाऊन त्या सात रोपांभोवतीचं गवत कापलं, मातीवर पाणी ओतलं. ती सात त्याच्याने जाळवत नव्हती.

वारा सुटला तेव्हा त्याने काडी ओढली. पहिली विझली. दुसरी लागली.

पुढचं सगळं लवकर झालं. धूर दिसताच पाडा धावला, पळसाच्या फांद्या तोडून लोक आग झोडपू लागले. बाजारातून परतलेली सुगंधाबाई पिशवी वाटेतच टाकून आली आणि सगळ्यांच्या पुढे जाऊन झोडपत राहिली. चैत्रामही झोडपत होता. हातावरचे केस जळाले तरी मागे सरेना, तेव्हा लोकांनी त्याला धरून मागे ओढलं. राखणदार असावा तर असा, असंही कोणीतरी म्हणालं. तासाभरात आग खडकापर्यंत पोचून आपोआप बसली. बारा हजार झाडं जळाल्याचं नंतर कागदावर आलं. खरं तर गवत जळालं होतं, काड्या जळाल्या होत्या आणि मोहाची साल एका अंगाने करपली होती.

सुगंधाबाई मोहाखाली उभी राहून बराच वेळ जमिनीकडे बघत होती. पाल्याची राख तिथे वीतभर होती. मग ती पायथ्याशी आली. ढीग होता तिथे थोडा पाला आणि तिची टोपली पडली होती. टोपली उचलून ती घरी गेली. 

त्या संध्याकाळी तिने रोशनीच्या चुलीतला विस्तव खापरावर मागून आणला आणि आपली चूल पेटवली. शनिवारी पुन्हा तसंच. काडेपेटी कोनाड्यात ठेवायला चैत्राम दोनदा उठला. दोन्ही वेळा सुगंधाबाई चुलीपाशीच होती.

रविवारी दोन गाड्या आल्या. धर्मेंद्र उतरला, हिरवी जर्सी, गुडघ्याला जाड पट्टा. पाय सरळ ठेवूनच तो चढत होता. सगळा उतार काळा पाहून तो मध्येच थांबला आणि त्याने तोंडावरून हात फिरवला. मुंबईच्या बाई भल्या होत्या. त्यांचे डोळे खरोखर भरून आले. ड्रोन वर गेला, गरगरत फिरला, खाली आला. झिऱ्याकाठची सात रोपं सोडली तर वरून सगळं एकसारखं काळं दिसत होतं आणि काळ्यामध्ये कोणतं आधी मेलेलं ते ओळखू येत नव्हतं. अभिमनने कितीतरी दिवसांनी श्वास सोडल्यासारखं केलं.

बरोबर आलेला वनरक्षक आगीचा माग काढत काढत मोहापाशी येऊन थांबला. चपलेने राख उकरली.

"सुरुवात इथून झालीये. पाला पेटवलाय. मोह कोणाचा?"

 पाड्यातल्या लोकांच्या नजरा आपोआप एकीकडे वळल्या. चैत्रामने खिशावर हात ठेवला. बोलायचं होतं. तोंड उघडलंही. तेवढ्यात त्याची नजर धर्मेंद्रवर गेली. तो दुखऱ्या पायावरचा भार काढून एका पायावर उभा होता.

सुगंधाबाई त्या दोघांकडेही बघत होती. आधी नवऱ्याच्या खिशावरच्या हाताकडे, मग मुलाच्या गुडघ्याकडे.

"मोह मना शे," ती म्हणाली. "आग मीच लाई."

"काकी!" रोशनी ओरडली. "तू तर बाजारले..."

"चूप ऱ्हाय, व. जावाना आधी लाई. धुपत ऱ्हायनी व्हई."

वनरक्षकाने लिहून घेतलं, अंगठा घेतला आणि गुरुवारी शिरपूरच्या वनकचेरीत यायला सांगितलं. चैत्राम तिथेच उभा होता, तीन पावलांवर. उघडलेलं तोंड त्याने मिटून घेतलं.

मग फिल्म काढायची होती. अभिमनने कागदावर चार ओळी लिहून दिल्या. जळालेल्या उतारासमोर उभा राहून धर्मेंद्र म्हणाला, "माझ्या गावाने लावलेलं जंगल एका चुकीमुळे गेलं. पण आम्ही हरणार नाही." वाऱ्याने आवाज नीट आला नाही. दुसऱ्यांदा घेतलं. मग मुंबईच्या बाईंना सुचलं की खरं तेच सांगितलं तर लोकांच्या काळजाला भिडेल. त्यांनी विचारलं, चालेल ना? धर्मेंद्रने मान खाली घातली, मग वर केली.

"हे जंगल माझ्या आईच्या हातून जळालं," तो कॅमेऱ्याकडे बघत म्हणाला. "तिचा दोष नाही. आमच्या लोकांना माहितीच नाही. ही अडाणी रीत आपल्याला बदलायची आहे. आता बारा नाही, चोवीस हजार झाडं लावू."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पाड्यातल्याही काहींनी वाजवल्या. सुगंधाबाई कॅमेऱ्याच्या मागे उभी होती, पदराचं टोक मुठीत धरून.

निघताना धर्मेंद्र तिच्याजवळ आला. हलक्या आवाजात म्हणाला, "माय, तुले कितला डाव सांगं व्हतं, पेटाडू नको म्हनी."

"व्हय रे, भाऊ. चुकनं मनं," ती म्हणाली. "गुडघा दुखस का?"

"थोडा."

"तेल लाव."

आठवड्याभरात उताराभोवती तारेचं कुंपण आलं. पाटी लागली : आत येण्यास मनाई, आग लावण्यास मनाई. चोवीस हजार खड्ड्यांच्या खुणा चुन्याने आखल्या गेल्या आणि त्याही चैत्रातच, कारण फिल्म लवकर दाखवायची होती. राखणदार चैत्रामच राहिला. वर त्याला शिट्टी मिळाली आणि बाटल्यांपासून बनवलेला हिरवा बिनबाह्यांचा कोट. अभिमनने फोनवर एवढंच सांगितलं, "कोणालाही आत सोडू नका, आबा. घरच्यांनाही नाही. कॅमेरा बसवणार आहेत." मोह कुंपणाच्या आत होता.

त्यानंतर एका पहाटे उजाडता उजाडता मोहाचं पहिलं फूल पडलं. फाटकाशी बसलेल्या चैत्रामला ते ऐकू आलं. मग दुसरं, मग तीन-चार एकदम. पाल्याचं नाव नव्हतं, जमीन काळी आणि साफ. त्यावर पांढरी फुलं इथूनही मोजता येतील अशी दिसत होती. दोन वर्षांत मोहाखाली इतकं चांगलं वेचायला मिळालं नव्हतं.

सुगंधाबाई टोपली घेऊन आली. दरवर्षीच्या पायवाटेने, दरवर्षीच्या वेळेला. तारेपाशी येऊन थांबली.

चैत्राम उठला. कॅमेरा अजून बसला नव्हता. त्याने फाटकाची कडी काढली आणि दार अंगाने ढकलून उघडलं.

"ये ना, धर्मानी माय. कोनी नही आठे."

ती आत आली नाही. फुलांकडे तिने एकदा पाहून घेतलं. मग टोपली काखेत धरून उजवा हात पुढे केला.

"काडेपेटी द्या," ती म्हणाली. "चूल पेटाडनी शे."

चैत्रामचा हात हिरव्या कोटाच्या आत सदऱ्याच्या खिशात गेला. घामाने काडेपेटीवरचा कागद सुटून आला होता. त्याने ती तिच्या तळहातावर ठेवली. तिने कानाशी नेऊन हलवून बघितली आणि कमरेला खोवली.

"इतला दिन रोशनीकडथून आंगार आनी राहिंतू," ती शांतपणे म्हणाली. "म्हनलं, आज कोनाडामा ठेवशात, सकाय ठेवशात. तुम्हनी वाट देखी."

ती वळली आणि रिकामी टोपली घेऊन उतरू लागली. चैत्राम उघड्या फाटकाशी उभा राहिला. ती खालच्या वळणाआड गेल्यावर त्याने दार ओढून घेतलं, कडी लावली आणि आपल्या जागेवर जाऊन बसला. मागे मोह टपटपत होता.